मिश्रधनातलं मुद्दल

आपल्या गटाच्या कर्जवहीत मुद्दलाचा रकाना वेगळा आणि व्याजाचा वेगळा असतो. कितीतरी जणी विचारतात, ताई, एकूण किती भरायचे तेवढं सांगा की, दोन रकाने कशाला? आज त्या दोन रकान्यांचा इतिहास सांगते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्याचा पहिला भाग ‘लीलावती’, दुसरा ‘बीजगणित’. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे, आणि लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. लीलावती ही त्यांची मुलगी, तिचं लग्न मोडलं म्हणून ग्रंथ लिहिला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती अकबराच्या काळात फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. मला त्या लग्नापेक्षा ग्रंथातली गणितं जास्त आवडतात. त्यांत बाजार आहे, धान्य आहे आणि व्याजही आहे.

त्यातलं एक गणित माझ्या शब्दांत सांगते. दर महिन्याला शेकडा पाच व्याज. वर्षाने मुद्दल-व्याज मिळून १००० झाले. तर मुद्दल किती, व्याज किती? या एकत्र रकमेला तिथे मिश्रधन म्हणतात.

घाईत आपण काय करतो? महिन्याला ५, म्हणजे वर्षाला ६०. हजाराचे साठ टक्के ६००, म्हणून मुद्दल ४००. आता पडताळून बघा. ४०० वर वर्षाचं व्याज २४०, एकूण ६४०. हजार झालेच नाहीत! साठ टक्के मुद्दलाचे घ्यायचे होते, आपण घेतले मिश्रधनाचे. टक्के कशाचे, हे आधी विचारायचं.

पण मुद्दल तर माहीतच नाही. इथे बीजगणित कामाला येतं. जी संख्या माहीत नाही तिला भास्कराचार्य ‘यावत्-तावत्’ म्हणतात, म्हणजे जेवढं असेल तेवढं. लिहिताना नुसतं ‘या’. शाळेत आपण ‘क्ष’ म्हणायचो, तेच हे. मुद्दल ‘या’ धरा आणि त्याचे शंभर सारखे भाग करा. व्याज त्यातल्या साठ भागांइतकं. दोन्ही मिळून १६० भाग, आणि ते आहेत १०००. एक भाग सव्वासहाचा. शंभर भाग म्हणजे ६२५, हे मुद्दल. उरले ३७५, ते व्याज. ६२५ चे साठ टक्के काढून बघा, ३७५ च येतात.

शेकडा पाच हा दर कोणाला लागायचा? मनुस्मृतीत महिन्याचे दर वर्णाप्रमाणे दिलेत: ब्राह्मणाला दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार, शूद्राला पाच. ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याला व्याज सगळ्यात जास्त. आजही गावात कोणी नुसतं ‘पाच टक्के’ म्हणालं तर महिन्याला की वर्षाला, ते विचारूनच घ्या.

आता एकदम सातशे वर्षं पुढे, पुणे जिल्ह्यात. सावकाराचं व्याज थकलं की तो ते मुद्दलात मिळवून नवं खत करून घ्यायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खतावर दिसायचा एकच आकडा, आणि खाली अंगठा. आपण हातात घेतले किती, हे काही वर्षांनी कुणालाच सांगता यायचं नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण गेलं. लोक मागत होते ते कागद. खतं हाती आली की जाळायची, बस्स.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात कोर्टाने खतावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या सुरुवातीपासून हिशेब तपासायचा होता, आणि मुद्दल व व्याज यांची खाती वेगवेगळी मांडायची होती. म्हणजे ‘लीलावती’तलं मिश्रधन फोडायचं काम आता न्यायाधीशाकडे आलं. जुना दामदुपटीचा नियमही होताच: थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल करायचं नाही. शेकडा पाचने व्याज मुद्दलाइतकं व्हायला वीस महिने पुरतात.

आपल्या वहीतले दोन रकाने तेच काम करतात. आता एक गणित देते. गटाचा दर महिन्याला शेकडा दोन. एका बाईने वर्षभर काहीच फेडलं नाही आणि वर्षाने सगळे मिळून ६२०० एकदम भरले. व्याजावर व्याज नाही. तिने घेतले होते किती? ‘या’ धरा, १२४ भाग करा आणि उत्तर पुढच्या बैठकीला वहीत लिहून आणा.