उंबरठ्यावरचा बेलिफ

घरावर जप्ती आली की पहिली भीती वाटते ती 'आता सगळे नेतील' ही. कायदा मात्र सगळे नेऊ देत नाही. हा संयम त्याच्या अंगी एका दिवसात आलेला नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला. त्यांचा रोख माणसांपेक्षा खतपत्रांवर होता. हाती लागली त्यांची होळी झाली. दंगे पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. खास गहाण न टाकलेली शेतकऱ्याची स्थावर मिळकत हुकूमनाम्यापोटी विकता येणार नाही, असे त्याने ठरविले. सावकार हुशार, ते गहाणखतच लिहवून घेऊ लागले!

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील साठावे कलम आजही लागू आहे. ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा व अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. कारागिराची हत्यारे सुटतात. शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेला लागतील तेवढी गुरे व बियाणे सुटते. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही जप्त होत नाहीत. येथे कोणत्याही एका धर्माचे नाव नाही. मंगळसूत्राप्रमाणे आपल्या भगिनींच्या लग्नाच्या अंगठीसाठीही या शब्दांचा आधार मागता येईल, असे मला वाटते. हौसेच्या पाटल्या-बांगड्यांना मात्र हे संरक्षण नाही.

बासष्टावे कलम दाराविषयी आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. घर ऋणकोच्याच ताब्यात असून तो आत येऊ देत नसेल, तरच बाहेरचे दार फोडता येते. दाराचा हा मान इंग्लंडमध्ये १६०४ च्या सेमेन खटल्यात मान्य झाला होता. बायबल वाचणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही. धनकोने तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, अशी आज्ञा अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात जात्याची तळी गहाण घेण्यासही मनाई आहे.

हे हक्क ज्या घरांना ठाऊक नसतात, तेथे चुलीवरचे पातेलेही मुकाट्याने अंगणात येते. बेलिफ वॉरंट घेऊन येईल तेव्हा ते वाचून दाखवायला सांगावे, वगळलेल्या वस्तू तेथेच दाखवाव्यात, आणि तरीही त्या नेल्या तर ज्या न्यायालयाने जप्ती काढली तेथेच लेखी हरकत घ्यावी.