कोठीपोटातील जिवाणू

गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात राहणारे व वैरण आंबवून त्या प्राण्यांना पोसणारे सूक्ष्मजीव. पशुपालनाच्या पुस्तिकांत ‘कोटीपोट’ असेही लिहितात. या वस्तीत जिवाणूंखेरीज आदिजीव, कवके आणि मिथेन तयार करणारे आर्किया असतात. गोठ्यात मात्र सगळ्यांना ‘जिवाणू’च म्हणतात.

वसतिस्थान : मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. आत प्राणवायू जवळजवळ नसतो. तापमान ३९° से. च्या आसपास आणि सामू साधारण ६ ते ७ असतो. एक मिलिलिटर रसात हजार कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू असतात. सामू टिकतो तो लाळेमुळे. खाताना व रवंथ करताना गाय दिवसाला शंभर लिटरांच्या घरात लाळ गिळते, आणि त्या लाळेत खाण्याचा सोडाच असतो.

कार्य : कडब्यातील सेल्युलोज तोडणारे विकर गाईच्या शरीरात तयार होत नाही. ते फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनीस, रुमिनोकॉकस आल्बस इत्यादी जिवाणूंकडे असते. आंबण्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले निर्माण होतात, ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गाईच्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग त्यांतून भागतो. ॲसिटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांश बनतो. म्हणूनच वैरण कमी व खुराक जास्त झाला की डेअरीवर फॅट लागत नाही. पुढे जिवाणू स्वतःही चौथ्या कप्प्यात वाहत जातात व पचतात. शाकाहारी म्हणून पूजली जाणारी गाय प्रथिनांसाठी बव्हंशी या जिवाणूंवरच जगते.

हे जिवाणू अमोनियापासून प्रथिने बनवू शकतात. निकृष्ट वैरणीवरील युरिया प्रक्रियेचा आधार हाच : १०० किलो कोरड्या वैरणीवर ४ किलो युरियाचे द्रावण शिंपडून ती २१ दिवस हवाबंद दाबून ठेवतात. युरिया पाण्यातून थेट पाजल्यास जनावर दगावते.

वासरू : जन्मतः कोठीपोट निकामी असते. दूध अन्ननलिकेच्या पन्हळीतून थेट चौथ्या कप्प्यात जाते. आईच्या चाटण्यातून, गोठ्यातून व गव्हाणीतून जिवाणू येतात.

बिघाड : लग्नघरी उरलेला भात किंवा पोळ्या गाईपुढे एकदम टाकल्या, की पिष्ट आंबवणारे जिवाणू माजतात, लॅक्टिक आम्ल साचते, सामू ५.५ च्या खाली जातो आणि तंतू पचवणारे जिवाणू मरतात. रवंथ थांबणे हे पहिले लक्षण. हा प्रकार दुष्टपणाने नव्हे, दयेने होतो. उपचारात सोडा देतात. निरोगी जनावराच्या कोठीपोटातील रसही पाजतात. पोटफुगी हा वेगळा विकार.

सुबाभूळ : बायफ ही संस्था मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे स्थापन केली. तिने १९७० च्या दशकात सुबाभळीचा चारा म्हणून प्रसार केला. या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. केस गळतात, गलगंड होतो. हवाईतील शेळ्यांना मात्र तो बाधत नाही, हे ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स यांनी दाखवले व त्या शेळ्यांच्या कोठीपोटातील रस ऑस्ट्रेलियातील गुरांना देण्यात आला. विष मोडणाऱ्या त्या जिवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळाले. एका वस्तीतील जिवाणू दुसऱ्या वस्तीत रुजवण्याचे याहून नेटके उदाहरण पशुपालनात नाही.

इतर सस्तन प्राणी : घोडा व हत्ती यांत आंबणे मागील आतड्यात होते. ससा त्यातील पोषण मिळवण्यासाठी आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो. माणूस : पाहा ‘आतड्यातील सूक्ष्मजीव’.

मिथेन : गाय तो बहुतांशी ढेकरांवाटे सोडते. देशी व संकरित गाईंच्या तुलनेबाबत मतभेद आहेत.

पाबळ व गोबरगॅस : पर्जन्यछायेतील पाबळ (ता. शिरूर) एरवी मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असते. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग (निधन २००३) यांनी १९८३ मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू केला. आश्रमाच्या अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. गाई-शेळ्यांचा आहार एका विभागात आणि गोबरगॅस दुसऱ्या विभागात मोडतो. जिवाणूंच्या दृष्टीने तो एकच धडा आहे. कोठीपोटात तयार झालेली आम्ले गाय रक्तात शोषून घेते. गोबरगॅसच्या टाकीत ती शोषणारे कोणी नसते, म्हणून सावकाश वाढणारे सूक्ष्मजीव त्यांचाही मिथेन करतात.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. वायूत मिथेन ५५ ते ६० टक्के असतो. थंडीत जिवाणू मंदावतात व चूल लवकर विझते. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून असा वायू काढला जात होता. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उरलेल्या अन्नावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले व त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याला रोज शेण लागत नाही. पण सुरुवातीला विरजण म्हणून शेणकाला घालावाच लागतो.