बाजेपाशी येणारा धर्म

घुग्घुस हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडले असेल तर ते कोळशाच्या निमित्ताने. चंद्रपूरच्या पश्चिमेस, वर्धा नदीजवळ वसलेले हे गाव खाणींनी वाढवले. खाणीला हात हवे होते. ते तेलंगणातून आले, छत्तीसगडातून आले, उत्तरेतून आले. आजही येथल्या बाजारात मराठीच्या जोडीने तेलुगू आणि हिंदी सहज ऐकू येते. हातांमागून संसार आले आणि संसारांमागून यथाकाल म्हातारपणही आले. खाणीच्या इतिहासात टनांचे आकडे सापडतात. या म्हातारपणाचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. गावाकडची भावकी दुरावलेली, मुले पोटासाठी दूर गेलेली, अशा माणसाच्या बाजेपाशी बसायचे कोणी? या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या जिल्ह्यातील कॅथलिक ख्रिस्ती समाजाच्या एका रिवाजात मला दिसले. त्या रिवाजाची हकीकत येथे सांगावी म्हणतो.

रिवाज दिसायला अगदी साधा आहे. ज्याला देवळापर्यंत चालवत नाही, त्याच्या घरी देऊळ चालत येते. धर्मगुरू, किंवा त्यासाठी नेमलेला एखादा गृहस्थ अथवा धर्मभगिनी, लहानशा धातूच्या डबीत ख्रिस्तप्रसाद घेऊन आजाऱ्याकडे येते. बाजेशेजारी स्टुलावर पांढरे फडके, एक क्रूस, एक मेणबत्ती. प्रार्थना थोडकीच असते. मग गुडघ्याचे दुखणे, अडलेली पेन्शन, नातवाची खुशाली अशा गोष्टी निघतात. आणि मला वाटते, या गोष्टीही त्या प्रार्थनेचाच भाग असतात.

हे नेहमी असेच होते असे मात्र नाही. आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, हा उपदेश बायबलच्या नव्या करारात, याकोबाच्या पत्रात आहे. तेथे बोलणे आजाऱ्याचे आहे, मरणाऱ्याचे नव्हे. पण युरोपात मध्ययुगात हा विधी हळूहळू पुढे ढकलला गेला आणि शेवटच्या घटकेला येऊन टेकला. त्याला नावच ‘अंत्य अभ्यंग’ असे पडले. परिणाम उलटा झाला. धर्मगुरू दारात दिसला की आजाऱ्याने आशा सोडावी. म्हणून घरचे लोक त्याला बोलावणेच लांबवू लागले. धीर द्यायला येणाऱ्याचे पाऊल यमदूताचे वाटू लागले!

हा फेरा सुटला तो आपल्याच काळात. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. १९६३ मध्ये तिने सांगितले की, या विधीला रुग्णांचा अभ्यंग म्हणणे अधिक योग्य. तो केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी लॅटिन परंपरेसाठी विधीची नवी रचना लागू केली. १९७३ मध्ये सामान्य गृहस्थांनाही योग्य नेमणुकीने ख्रिस्तप्रसाद आजाऱ्यांकडे नेण्याची मोकळीक मिळाली. पुढे ११ फेब्रुवारी हा दिवस जागतिक रुग्णदिन ठरला. तो प्रथम १९९३ मध्ये पाळला गेला. थोडक्यात, एका घटकेचा विधी अनेक वर्षांच्या सोबतीत रुजला.

योगायोग असा की, त्याच १९६२ साली चांद्याचा स्वतंत्र धर्मप्रदेश निर्माण झाला. तोवर हा भाग नागपूरच्या धर्मप्रांतात मोडत होता. नवा प्रदेश केरळातील सिरो-मलबार परंपरेकडे, त्यातही कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या संघाकडे सोपवला गेला. केरळाबाहेर त्या परंपरेला मिळालेले हे पहिले कार्यक्षेत्र. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा लाभला. मुख्य देऊळ बल्लारपूरला आहे. सिरियाक भाषेतील उपासना मल्याळममध्ये आली तीही १९६२ मध्येच. आपल्या लोकांना मायबोलीत प्रार्थना मिळते न मिळते तोच, या धर्मगुरूंना मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या मुलखात येऊन नवी बोली शिकायची होती. आजाऱ्याशी परक्या भाषेत किती वेळ बोलणार?

या संघाच्या गाठी मात्र एक जुनी शिदोरी होती. त्याच्या संस्थापकांपैकी एक, कुरियाकोस एलियास चावरा, यांनी १८६९ मध्ये आपल्या जन्मगावी, कैनकरीला, निराधार वृद्ध आणि मरणासन्न माणसांसाठी एक आश्रयगृह काढले. माणूस बेवारशी मरू नये, त्याच्या उशाशी कोणी असावे, ही त्यामागची तळमळ. हे काम एकट्या धर्मगुरूचे न ठेवता त्यांनी ते गावकऱ्यांच्या मंडळावर सोपवले. दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याचा, आपल्या मुष्टिफंडासारखा परिपाठही त्यांच्याच नावाशी जोडला जातो. १८७१ मध्ये ते वारले. २०१४ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. चांदा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती नियोगी यांची समिती नेमली होती. १९५६ च्या तिच्या अहवालाने दवाखान्यांच्या आणि शाळांच्या आडून धर्मांतर होते असा ठपका ठेवला. ख्रिस्ती पुढाऱ्यांनी तो नाकारला. तो वाद अजून संपलेला नाही. सेवेच्या हेतूची शंका घेण्याचा समाजाला हक्क आहे, असे मी मानतो. पण अंथरुणाला खिळलेल्या, आपल्याच धर्मग्रामातील म्हाताऱ्याकडे दर महिन्याला जाण्यात कोणता लाभ दडला असेल? त्याच्याकडे ना पैसा, ना वजन, ना पुढची वर्षे. हेतूची कसोटी अशाच जागी लागते.

याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवनाचा पाया घातला. तेथे समाजाने टाकलेल्यांसाठी एक नवे गाव उभे राहिले. धर्मग्रामाची ही रीत त्याहून वेगळी आणि लहान आहे. ती माणसाला कोठे नेत नाही. तो आहे तेथे, त्याच्याच बाजेपाशी येते. दोन्हींची गरज आहे.

खाणीत उतरताना प्रत्येकाची हजेरी घेतात. वर येतानाही घेतात, कारण कोणी खाली राहून गेला तर कळावे. कामावरून उतरलेल्या माणसाची हजेरी कोण घेणार? एका लहान समाजाने आपल्यापुरती ती वही उघडून ठेवली आहे. बाकीच्या आम्हा लोकांच्या वह्या अद्याप कोऱ्याच आहेत.