धक्का सोसेल तेच टिकेल

वाटीच्या तळाशी एक गोटी ठेवा आणि तिला बोटाने हलकेच ढकला. ती थोडी हिंदकळेल आणि पुन्हा तळाशी येऊन बसेल. आता वाटी उपडी करून गोटी तिच्या पाठीवर मधोमध तोलून ठेवा. नुसती फुंकर घातलीत, तरी ती घरंगळलीच म्हणून समजा! गोटी दोन्ही ठिकाणी स्थिर होती खरी. पण पहिले स्थैर्य टिकाऊ, दुसरे नावापुरते.

कृष्णविवरांविषयीही शास्त्रज्ञांना हाच प्रश्न पडला. आइनस्टाइनच्या समीकरणांचे एक उत्तर कार्ल श्वार्झशिल्ड यांनी शोधले. ते १९१६ साली प्रसिद्ध झाले. पण कागदावर उत्तर जमले, म्हणजे ती वस्तू आकाशात नांदेलच असे थोडेच आहे? जरासा धक्का लागताच ती मोडणार असेल, तर ती निसर्गात सापडायची कशी?

१९५७ साली टुलिओ रेगे आणि जॉन व्हीलर यांनी हे गणित मांडले. परंतु विवराच्या काठाशी दिसणारा गुंता खरा किती आणि मोजण्याच्या रीतीतून आलेला किती, हे तेव्हा उमगत नव्हते. १९७० साली अमेरिकेत काम करणारे बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी तो गुंता सोडविला. विवर धक्का सोसते, असा त्यांचा निर्वाळा होता. पुढे १९७४ साली व्हिन्सेंट मॉन्क्रीफ यांनी विद्युत्भार असलेले विवरही टिकते, असे दाखविले.

हे सारे आपल्या चार मितींतले : तीन अवकाशाच्या, एक काळाची. मिती वाढविल्या तर काय होईल? इथे खरी गंमत आहे. १९९३ साली रूथ ग्रेगरी आणि रेमंड लाफ्लाम यांनी पाचव्या मितीत दोरीसारखे लांबलेले कृष्णविवर तपासले. नळाची बारीक धार पाहिली आहे ना? खाली येता येता ती तुटते आणि तिचे थेंब होतात. ही दोरीही तशीच अस्थिर निघाली. पुढच्याच वर्षी त्यांनी विद्युत्भार असलेल्या दोऱ्या तपासल्या, तेव्हा भार वाढेल तशी ही अस्थिरता मंदावते असे दिसले. म्हणजे भार हा विवराचा कैवारी!

पण थांबा. २००३ साली हिदेओ कोदामा आणि अकिहिरो इशिबाशी यांनी भाररहित गोल विवर कितीही मितींत टिकते, असे सिद्ध केले होते. २००९ साली रोमन कोनोप्ल्या आणि अलेक्झांडर झिडेंको यांनी प्रसरणशील विश्वातली भारित गोल विवरे गणकयंत्रावर तपासली. मिती सात किंवा त्याहून अधिक आणि भार पुरेसा मोठा असला, तर विवर ढासळते, असे त्यांना आढळले. एके ठिकाणचा कैवारी दुसरीकडे वैरी ठरला! स्थैर्य गृहीत धरायचे नसते. प्रत्येक ठिकाणी ते नव्याने तपासावे लागते, हा याचा धडा.

आणि आपल्या चार मितींचे काय? घंटेवर टोल पडला की तिचा नाद घुमत घुमत विरतो. हादरलेले विवरही असेच निनादून शांत होते, हेदेखील विश्वेश्वरांनी १९७० सालीच गणिताने दाखविले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रांनी दोन विवरांच्या मीलनातून निघालेल्या लहरी टिपल्या. त्यांच्या शेवटी तसाच विरत जाणारा निनाद होता. विश्वेश्वर २०१७ साली वारले. वाटीतली गोटी तळाशी येऊन बसल्याची ही खूण त्यांना हयातीत पाहायला मिळाली.