परवाना आणि सूट

निजामी मुलखातले हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीचे गाव. शस्त्र म्हणजे सत्ता हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८च्या कायद्याने हिंदी माणसावर परवाना लादला, गोऱ्याला सूट दिली. मराठवाड्यात १९४८ साली भेद निराळा होता: कासीम रझवीच्या रझाकारांच्या हाती बंदुका, आणि पोलीस बहुधा बघे, क्वचित सामीलही! १९५९च्या शस्त्र कायद्याने (अंमल १९६२पासून) कर्तव्याला सूट दिली. कलम ४५ प्रमाणे कर्तव्यावरील पोलिसाला परवाना लागत नाही. खाजगी पिस्तुलासाठी मात्र तोही अर्जदारच. १९९९पूर्वी येथला अर्ज परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाई, आता हिंगोलीच्याच.