घरफाळ्याच्या पावतीतली शाळा

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी आमच्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगंल. पण महाराजांनी शाळांसाठी पैका कसा उभा केला, असं विचारलं की भली भली माणसं गप्प बसतात. मला त्या पैक्याचीच गोष्ट सांगायची आहे.

इंग्रजी मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्याच वर्षी ते फेटाळलं गेलं. इकडं बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 सालीच राज्यभर सक्ती आणली होती. मग 1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात कायदा केला. शिक्षण फुकट आणि सक्तीचं. वर्षाला लाख रुपयांची तरतूद. पोरगं शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड. मार्च 1918 मध्ये नदीपलीकडच्या चिखलीत सक्तीची पहिली शाळा उघडली. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला.

रुपया तेव्हा लहान नव्हता, गडी माणसाची कैक दिवसांची मजुरी होती ती. आमचा आज्जा म्हणायचा, "दंडापायी का हुईना, बानं आमाला शाळंत घातलं. न्हाईतर जनावरांमागंच जलम गेला असता." आज्जा चौथीपर्यंत शिकला. सातबारा स्वतः वाचायचा. कोऱ्या कागदावर अंगठा उठवायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही.

त्याच सुमारास, 1918 साली, विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनं मुंबई इलाख्यातही कायदा झाला. पण त्यात नगरपालिकांनी वाटलं तर सक्ती करावी, एवढीच मुभा होती. ज्या गावाला परवडेल त्यानं करावं. मग परवडायचं कुणाला? दोन कायद्यांतला फरक इथंच आहे. बावड्याच्या राजानं हुकमासोबत तिजोरीही उघडली होती.

1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि शाळा सरकारी कायद्यांच्या चौकटीत गेल्या. 1961 च्या कायद्यानं खेड्यातल्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. बावडा शहरात, म्हणून इथल्या शाळा महापालिकेच्या. पंचगंगेपल्याड वडणग्याची शाळा जिल्हा परिषदेची. तिथल्या गुरुजींचा पगार सरकारी अनुदानातून होतो. इकडं मात्र महापालिकेलाही आपला वाटा उचलावा लागतो. म्हणजे नदीच्या दोन काठांवर पोरं एकच पुस्तक वाचतात, पण पैक्याचा मार्ग निराळा. महापालिकेची तिजोरी आटली की पहिली झळ छपराला, बाकड्यांना आणि संडासाला बसते.

आणि आपण काही फुकट शिकत नाही बरं का. 1962 साली राज्यानं शिक्षण कराचा कायदा केला. शहरातल्या जमिनी नि इमारतींवर कर बसला, बागायती उसासारख्या नगदी पिकांवरही खास आकारणी आली. आमच्या घरफाळ्याच्या पावतीवर राज्य शिक्षण कराची ओळ असते. महापालिका तो गोळा करून सरकारजमा करते. बहुतेक जण खालची बेरीज बघून पैसे भरतात नि पावती फडताळात टाकतात. त्या ओळीकडं बघायचं कुणालाच सुचत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आपल्या हाती एक दोरी दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो, आणि आलेलं अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं हे समितीचं कामच आहे. पण सभेला चार माणसं जमतात, कागद फिरतो, सह्या होतात, चहा येतो. हिशेबाची वही उघडायला लावणारा एखादाच निघतो. त्याला बाकीचे "लई शाणा" म्हणतात.

शंभर वर्षांमागं रुपया दंड बापाला होता. आता वर्गाचं छप्पर गळलं तर दंड कुणाला करायचा, हे पुढच्या सभेत कुणीतरी विचारायला हवं.