काचेतला समुद्र आणि शेवाळाचा प्रश्न



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, की तो बोनस, संप आणि महागाई यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज तसे नाही. समुद्राचे पाणी आणि त्यातले प्रवाळ काचेच्या पेटीत जिवंत ठेवण्याची विद्या कशी वाढली, आणि ते पाणी हिरवे होऊ नये म्हणून माणसाने जवळजवळ पावणेदोनशे वर्षे काय काय खटपटी केल्या, हा माझा विषय आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे सारे वाचनालयात शिकलो. पण इतिहास वाचताना मला एक खोड जडली आहे. राजवाडा दिसला, की तिथे झाडू कोण मारीत होते, हे मी शोधू लागतो. इतर इतिहासांत या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. मत्स्यालयाच्या इतिहासात मात्र तो टाळताच येत नाही, कारण तिथे झाडणारा नसला, की चार दिवसांत राजवाडाच मरतो.

पहिले नाव घ्यायचे ते झान व्हिल्प्रो-पॉवर या फ्रेंच बाईंचे. चांभाराची मुलगी. तरुणपणी खेड्यातून पायी पॅरिसला गेली, शिवणकामात नाव कमावले, आणि लग्नानंतर सिसिली बेटावर मेसिना येथे राहिली. तिथे तिने १८३२ च्या सुमारास आर्गोनॉट नावाच्या अष्टपाद प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या पेट्या करविल्या. आर्गोनॉट आपला शंख दुसऱ्याचा चोरतो, की स्वतः घडवितो, हा त्या काळचा वाद होता. तो स्वतःच घडवितो, हे या बाईंनी पेटीत पाहून सिद्ध केले. परंतु मेसिना हे समुद्रकाठचे बंदर. पाणी बिघडले तर ताजे आणणे शक्य होते.

लंडनमध्ये ती सोय नव्हती. ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्की येथील किनाऱ्यावरून लहान प्रवाळ लंडनला आणले. पाणी काही दिवस बदलून पाहिले. पण समुद्र दूर, खर्च मोठा. मग त्यांनी तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असे ओतवून घेण्यास प्रारंभ केला, म्हणजे हवा त्यात मिसळावी. दररोज अर्धा-पाऊण तास. हे काम पुढे घरच्या लहान मोलकरणीकडे गेले. काम दमविणारे खरे, पण पोरीला त्यात गंमत वाटे, अशा अर्थाची नोंद बाईंनी करून ठेवली आहे. पोरीचे स्वतःचे मत कोणी टिपून ठेवले नाही. तिचे नावही नाही. आज प्रत्येक काचपेटीत विजेवर चालणारा पंप जे काम करतो, ते प्रथम या मुलीच्या दोन दंडांनी केले. पुढे १८४७ साली थिनबाईंनी समुद्रवनस्पतीही मागविल्या, आणि ओतण्याचा बोजा थोडा हलका झाला.

वनस्पती का उपयोगी पडतात, याचा हिशेब रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने मांडला. त्याने १८४९ साली बारा गॅलनच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. माशाने सोडलेला कर्बवायू वनस्पतीने घ्यावा, वनस्पतीने सोडलेला प्राणवायू माशाने घ्यावा, असा सरळ व्यवहार. प्रयोग बिघडला तो वेगळ्याच ठिकाणी. वनस्पतीची जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर धरू लागला. देणारा आणि घेणारा दोघे होते. आवरणारा कोणी नव्हता. तेव्हा वॉरिंग्टनने पाच-सहा साध्या तळ्यातल्या गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, काच चाटून साफ केली, शिवाय त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. १८५० साली हा वृत्तांत त्याने रसायन-परिषदेपुढे ठेवला. मत्स्यालयाच्या शास्त्राचा खरा पाया मी गोगलगायींच्या त्या आगमनात मानतो, सोनमाशांत नव्हे.

त्यानंतर लोकांना वेडच लागले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले. फिलिप हेन्री गॉस याचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक १८५४ मध्ये निघाले आणि तो शब्द घरोघर गेला. टोपल्या घेऊन माणसे किनाऱ्यावर धावली. खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी झाली, याची खंत पुढे १९०७ साली गॉसच्याच मुलाने लिहून ठेवली. घरोघरच्या पेट्यांचे काय झाले असेल, ते सांगायला नको. शोभा दिसावी म्हणून पेटी खिडकीत ठेवायची, ऊन चारी बाजूंनी आत यायचे, आणि पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे व्हायचे.

यावर तोड काढणारा माणूस विल्यम ॲलफर्ड लॉइड. हा मूळचा पुस्तकबांधणीचा कारागीर, आपल्या हिमतीवर शिकलेला. त्याच्याविषयी मला ममत्व वाटते हे लपवीत नाही. त्याने लंडनमध्ये समुद्रजीवांचे दुकान थाटले; लोकांचे वेड ओसरल्यावर ते बुडाले. पण हात काळा करून शिकलेली विद्या बुडाली नाही. हँबुर्गचे मत्स्यालय १८६४ साली आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे १८७१ साली त्याच्याच योजनेनुसार उभे राहिले. त्याचा मुद्दा असा की, प्रेक्षकाला दिसते ते पाणी थोडे ठेवा आणि न दिसणारे पुष्कळ. दर्शनी हौदांच्या कित्येक पट मोठा हौद त्याने जमिनीखाली अंधारात बांधला, आणि दोहोंतले पाणी रात्रंदिवस पंपाने फिरते ठेवले. अंधारात शेवाळ वाढत नाही. पाण्याचा साठा मोठा असल्याने घाणही एकदम साचत नाही. रात्रंदिवस म्हणजे अर्थातच वाफेचे इंजिन, आणि इंजिन म्हणजे रात्रपाळीचा माणूस. प्रवेशाचे पैसे देऊन दिवसा येणाऱ्यांना तो दिसत नसे.

तरी एक कोडे शिल्लक होते. पाणी फिरते आहे, हवा भरपूर आहे, प्राणी सुखरूप आहेत, तरीही शेवाळ का माजते? याचे उत्तर शेतातून आले. श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच संशोधकांनी १८७७ साली सांडपाणी वाळूतून झिरपविले. त्यातील अमोनियाचे नायट्रेट होते आणि हे काम सजीव जंतूंचे आहे, असे त्यांना आढळले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ते थांबले. हे काम दोन टप्प्यांत होते, आधी नायट्राइट, मग नायट्रेट, हे इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधकाने दाखविले. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, म्हणजे गोगलगायवाल्या वॉरिंग्टनचाच मुलगा. ते जंतू वेगळे काढण्यात विनोग्राडस्कीला १८९० मध्ये यश आले. बापाच्या भांड्यात जे घडत होते, त्याचा अर्धा हिशेब मुलाने पुरा केला, तोही पिकांच्या खतासाठी. माशाची विष्ठा जंतू पचवितात, विष नाहीसे होते. पण मागे उरते ते नायट्रेट, म्हणजे खत. शेतकऱ्याला हवे तेच मत्स्यालयवाल्याला नको. प्रवाळखडकांवरच्या निर्मळ समुद्रात नायट्रेट सामान्यतः लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. खाद्याची चिमूट जास्त पडत गेली, की पेटीत ते कित्येक पट होते. फॉस्फेटचे तेच.

विसाव्या शतकातल्या युक्त्या भरभर सांगतो. जाकार्ताचा ली चिन एंग याने १९६१ साली लिहिले, की समुद्रातला सजीव दगड, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढे पुरते. दगडाच्या छिद्रांत जंतूंची वसाहतच असते. जर्मनांनी पाण्यात हवा घुसळून फेस काढण्याचे यंत्र रूढ केले. फेसाबरोबर घाण जंतूंच्या हाती पडण्याआधीच बाहेर जाते. पेटर विल्केन्स याने १९७० नंतरच्या दशकात चुन्याची निवळी वापरायला शिकविले. होय, आपल्या घरची चुन्याची निवळीच. तिने प्रवाळाला कॅल्शियम मिळते आणि फॉस्फेटचा काही भाग साका होऊन बसतो. मोनॅकोच्या झोबेर याने जाड वाळूच्या थरात, प्राणवायू नसलेल्या ठिकाणी, नायट्रेटचा पुन्हा नायट्रोजन वायू करून दाखविला. मला सगळ्यांत आवडतो तो वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतला वॉल्टर एडी. त्याने शेवाळाला हाकलले नाही, कामाला लावले. वेगळ्या जाळीवर भरपूर उजेड देऊन शेवाळ मुद्दाम वाढवायचे, आणि ठरल्या दिवशी खरवडून टाकायचे. खत त्याच्याबरोबर बाहेर. १९८० पासून त्याचा प्रवाळखडक लोकांनी तिथे पाहिला.

शेवाळ पेटीबाहेर पडले तर काय होते, तेही घडले. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया ही मत्स्यालयांची लाडकी जात १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात चौरस मीटरभर जागेत दिसली. पुढे भूमध्य समुद्रात तिने हजारो हेक्टर व्यापले. कॅलिफोर्नियात ती २००० साली सापडताच ताडपत्रीखाली झाकून क्लोरीन सोडले गेले. सहा वर्षांनी ती संपल्याचे जाहीर झाले.

आणि गोगलगायीचा धडा खुद्द समुद्राने मोठ्या अक्षरांत गिरविला. कॅरिबियन समुद्रात डायाडेमा नावाचा, साळिंदरासारखे लांब काळे काटे असलेला अर्चिन प्राणी रात्री बाहेर पडून खडकांवरचे शेवाळ खातो. १९८३-८४ मध्ये रोग येऊन हे प्राणी शेकडा नव्वदांहून अधिक मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे कोळ्यांनी आधीच उपसून संपविले होते, १९८० च्या वादळाने प्रवाळ मोडले होते. आता शेवटचा झाडूवालाही गेला. १९७७ ते १९९३ या काळात जमैकाच्या खडकांवरील प्रवाळाचे आच्छादन शेकडा ५२ वरून ३ वर आले आणि शेवाळाचे ४ वरून ९२ वर गेले, अशी मोजणी टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. हवाईतील कानेओहे उपसागरात दोष सांडपाण्याचा होता; तिथली गटारे १९७७-७८ मध्ये खोल समुद्राकडे वळविल्यावर माजलेले हिरवे शेवाळ पुष्कळ ओसरले. म्हणजे खत तोडणे आणि राखणदार टिकविणे, दोन्ही लागते. एकाने भागत नाही.

डायाडेमावर २०२२ साली पुन्हा साथ आली. या वेळी कारण सापडले, एक सूक्ष्म एकपेशी जीव. फ्लॉरिडात आता हे अर्चिन काचेच्या हौदांत अंड्यापासून वाढवून मोकळ्या खडकांवर सोडतात. हौदात ते जगतात. सोडल्यावर मात्र पुष्कळांना खेकडे आणि मासे पहिल्या काही रात्रींतच गाठतात. म्हणून ते किती मोठे झाल्यावर आणि खडकाच्या कोणत्या कपारीत सोडावे, याचे प्रयोग चालू आहेत.